हातात दोन, तोंडाने तीन

तिला कशाची भीती वाटत नव्हती, ते आधी सांगून टाकावं, चटकन आटपेल. कात्रीची वाटत नव्हती, अंधाराची वाटत नव्हती आणि आईची वाटत नव्हती. बाकी सगळ्याची वाटायची. लिफ्टची वाटायची, म्हणून चौथ्या मजल्यावरच्या घरी ती जिना चढून जायची. कुकरची वाटायची, गॅस लावला की ती गॅलरीत जाऊन उभी राहायची आणि तिसरी शिट्टी झाली की आई आतून म्हणायची, "या आत, घर शाबूत आहे." फोन वाजला तरी दचकायची. फोन वाजणार आहे असं वाटलं तरी दचकायची.

काम मात्र तिचं धीराचं होतं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासायची. फिरत्या चाकावर पाण्याचा थेंब थेंब पडत असायचा आणि त्या ओल्या चाकाला ती भिंग लावायची, फ्रेमच्या मापाचं होईपर्यंत. चौदा वर्षं. केसाएवढं जास्त घासलं की भिंग फुकट. तिच्या हातून वर्षाकाठी एखादंच जायचं. ती डावखुरी, आणि यंत्राची मूठ उजवीकडे, म्हणून ती यंत्राच्या भलत्याच बाजूला, भिंतीकडे पाठ करून उभी राहायची. दुकानाचे मालक म्हणायचे, "सगळं जग यंत्राकडे तोंड करून उभं राहतं आणि ही यंत्रामागून डोकावते." ती म्हणायची, "काच नीट येते ना? मग मी छताला लटकेन, तुम्हाला काय?" मालकांचीही तिला भीती वाटायची, पण काचेच्या बाबतीत नाही.

अशी ही बाई वयाच्या छत्तिसाव्या वर्षी धनुष्यबाण शिकायला गेली, ह्यावर तिच्या आईचा अजून विश्वास बसलेला नाही.

झालं असं की बहिणीची मुलगी सुट्टीत तिरंदाजीच्या क्लबात जायची आणि तिला आणायला मावशी जायची. एकदा वहीत सही करायची वेळ आली. हिने पेन डाव्या हातात घेतलं आणि तिथले मास्तर टेबलापलीकडून एकदम उठलेच.

"डावखुऱ्या आहात?"

"हो. पण सही चालते बँकेत."

"थांबा, थांबा." मास्तरांनी कपाट उघडलं. आतून त्यांनी एक धनुष्य बाहेर काढलं. तिच्या डोक्यात धनुष्य म्हणजे वाकवलेली काठी आणि दोरी. हे तसलं नव्हतं. धातूचं अंग, दोन्ही टोकांना दोन चाकं, आणि चाकांवरून इकडून तिकडे गेलेल्या दोऱ्या. सायकलची चेन आणि विणकामाच्या सुया ह्यांनी संसार थाटावा तसं काहीतरी. "कंपाऊंड म्हणतात ह्याला. आणि हे डावं आहे. उजव्या हातात धरायचं, डाव्याने ओढायचं. एकासाठी मागवलं होतं, तो गाव सोडून गेला. पाच वर्षं पडून आहे. इथे सगळे उजवे."

"मला नाही जमायचं. मला भीती वाटते."

"कशाची?"

"ते विचारू नका. तुमचा क्लास बुडेल."

मास्तर हसले. त्यांनी तिला दोन्ही तळहात जोडून मधे फट ठेवायला सांगितली, फटीतून घड्याळ बघायला सांगितलं, मग एकेक डोळा मिटायला. तिचा नेमाचा डोळाही डावा निघाला. हे तिला माहीत होतंच, काचावालीला नाही तर कुणाला असणार. पण मास्तरांचा आनंद असा की जणू कुलपाची हरवलेली किल्ली सापडली.

भाचीने पंधरा दिवसांत क्लब सोडला. मावशी राहिली.

का राहिली, ते त्या चाकांमुळे. कंपाऊंड ओढायला लागलं की आधी जड जातं, मग आणखी जड, खांद्यात कळ येते, वाटतं संपलं, नाही जमत. आणि तेवढ्यात चाकं फिरून पलीकडे जातात आणि सगळं वजन एकाएकी उतरतं. कुणीतरी मुकाट्याने येऊन दुसरं टोक धरावं तसं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तिच्या छातीतली धडधड थांबली. लहानपणापासून तिने ती धडधड पंख्याच्या आवाजासारखी ऐकत आणली होती; बंद झाल्यावर कळलं की चालू होती. दोन सेकंद, फार तर तीन. त्या तीन सेकंदांसाठी ती दर रविवारी जायला लागली.

अर्थात बाकीच्या वेळात ती घाबरलेलीच असायची. बाण न लावता कधी सोडायचं नाही, धनुष्य हातातल्या हातात फुटतं, असं मास्तर म्हणाले होते. म्हणून ती बाण लागलाय का हे चार वेळा बघायची. दोरी बोटांनी नाही ओढायची. मनगटाला पट्टा बांधायचा, त्याच्या आकड्यात दोरी अडकवायची आणि शेवटी बोटाने छोटा चाप दाबला की बाण सुटतो. त्या चापाची भीती. आणि सगळ्यांत मोठी भीती परत आणण्याची. एकदा ओढलं आणि मारायचं नाही असं ठरलं, तर तेच वजन उलटं, हळूहळू पुढे सोडत न्यायचं. चाकं परत फिरतात तेव्हा धनुष्य हिसका देऊन हात खेचतं. तिच्याने ते होतच नसे. त्यामुळे ती एकदा ओढलं की मारूनच मोकळी व्हायची, नेम लागो न लागो.

मास्तर ओरडायचे, "डावी, परत आण. प्रत्येक वेळी मारायलाच पाहिजे असं नाही."

क्लबात तिचं नाव डावी पडलं होतं.

आता ओळीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या ओळीमुळे झालं. सात जण एका रेषेवर उभे राहायचे. उजवा माणूस धनुष्य डाव्या हातात धरतो, म्हणजे त्याची छाती रेषेच्या उजव्या टोकाकडे. असे सहा जण एकामागे एक, प्रत्येकाला पुढच्याची फक्त पाठ दिसते. डावी तेवढी उलटी. ती उजव्या टोकाला उभी राहायची आणि तिचं तोंड सगळ्यांकडे. म्हणजे तिच्या शेजारी जो असेल तो आणि ती समोरासमोर, हातभर अंतरावर.

तो शेजारी म्हणजे ड्रायव्हरकाका. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, क्लबातले सगळ्यांत चांगले. भिंतीवर त्यांचे चार फोटो. धनुष्य ओढून नेम धरला की त्यांचा उजवा गाल, दोरी आणि उजवा डोळा तिच्या समोर यायचा. आणि तिने, जिने आयुष्यभर डोळ्यांसाठीच काचा घासल्या, तिने दुसऱ्याच महिन्यात पाहिलं की चाप दाबण्याच्या क्षणी काका डोळे मिटतात. नुसते मिटत नाहीत, आवळतात. ओठ ताणला जातो, गाल वर चढतो. कानाजवळ फटाका फुटणार आहे हे माहीत असलेल्या माणसासारखं. बाण मात्र टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात जायचा, जुन्या सवयीने. बहुतेक वेळा.

बाकी कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. त्यांच्यासमोर काकांची पाठ. तिने कुणाला सांगितलं नाही. काकांना कळलं होतं की तिला कळलंय. एकदा ते बाटलीतलं पाणी पिता पिता म्हणाले, "डावे, टार्गेट समोर असतं. माझ्या तोंडावर गुण मिळत नाहीत."

"तुम्ही मधे येता, काका."

"मी एकतीस वर्षं मधेच होतो. लोक बाजूने जायचे."

एवढंच बोलणं.

त्या रविवारी मास्तरांनी शिट्टी वाजवली. तिचे दोन बाण मारून झाले होते, तिसरा लावलेला. एक खोड तिची जात नव्हती: ओढताना ती धनुष्य वर आभाळाकडे न्यायची, मग खाली आणायची. जोर लागतो तसा. मास्तर कितीदा म्हणाले, "वर कशाला नेतेस, पाखरं मारायची आहेत?" दुसरी खोड, बोट आधीच चापावर. दोन्ही खोडी एका वेळी चालू होत्या, धनुष्य वर होतं, दोरी अर्ध्यावर आली होती, आणि समोर काकांनी बाण सोडला. डोळे आवळले, ओठ ताणला, गाल चढला. ते बघून तिचा चेहरा आपोआप तसाच झाला. समोरच्याला जांभई आली की आपल्याला येते ना, तसं. डोळे मिटले आणि बोटही मिटलं.

तिची मूठ हनुवटीवर आदळली. तोंडात रक्ताची चव आली. डोळे उघडले तेव्हा धनुष्य रिकामं होतं.

समोर काकाही डोळे उघडून बघत होते. तिच्या धनुष्याकडे, मग भिंतीकडे. टार्गेटांमागे दोन पुरुष उंचीची भिंत होती आणि भिंतीवर जाळी. जाळीच्याही वर नुसतं आभाळ.

बाकीचे नेम धरून होते, एकाची पाठ दुसऱ्याकडे. मास्तर ओळीच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी खांदा खाली दाबत होते.

तीन शिट्ट्या झाल्या, म्हणजे बाण आणायला चला. क्लबाचा नियम असा की टार्गेटापाशी प्रत्येकाने आपले बाण मोठ्याने सांगायचे, तीन मारले तर तीन. एक जरी कमी झाला तरी सगळ्यांनी मिळून शोधायचा, आणि तो सापडेपर्यंत धनुष्याला कुणी हात लावायचा नाही. बाण भिंतीवरून गेला असेल तर मारणाऱ्याचं धनुष्य कपाटात.

"तीन." "तीन." "माझे तीन." काका म्हणाले, "तीन."

तिच्या हातात दोन होते. हिरव्या पिसांचे दोन. तिने तोंड उघडलं, तिला खरंच वाटलं आपण आता दोन म्हणणार.

"तीन," ती म्हणाली.

काकांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग ते आपले बाण भात्यात भरत पुढे गेले.

पुढचे सात दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. त्या दिवशी क्लबातून निघाल्यावर ती भिंतीच्या मागच्या बाजूला जायला निघाली होती. कोपऱ्यापर्यंत गेली. तिथून दिसलं की मागे एक लॉंड्री आहे, पत्र्याचं छप्पर, बाजूला गच्ची, आणि पुढे रस्ता, रस्त्यावर माणसं. एक पाऊल पुढे टाकलं तर काय दिसेल ह्या विचाराने ती वळून घरी आली. हनुवटी कशाने सुजली विचारल्यावर आईला म्हणाली, दार लागलं.

"दार म्हणे," आई म्हणाली. "दाराला तू घाबरतेस, दार तुला लागतंय होय. खा गप."

सोमवारी तिने पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, टेंडरच्या नोटिशींसकट. मंगळवारी रुग्णवाहिकेचा आवाज आला आणि हातातलं भिंग चाकाला जास्तच लागलं. वर्षाचं भिंग गेलं. बुधवारी एक माणूस एका डोळ्यावर पांढरी पट्टी बांधून दुकानात शिरला. ती पडदा धरून उभी राहिली. बाहेर मालक विचारत होते, "काय झालं डोळ्याला?" आणि तिने डोळे मिटून उत्तराची वाट पाहिली.

"मोतीबिंदू," तो माणूस म्हणाला.

ती खाली बसली. बसून हसू आलं, हसता हसता रडू आलं, मग मालकांनी आत डोकावून विचारलं, "बरं नाही का?" तर ती म्हणाली, "काचेची पूड गेली डोळ्यात."

गुरुवारी दुपारी काका आले. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मालक जेवायला गेलेले.

"नंबर बघ जरा माझा," काका म्हणाले. "वाढला असेल."

नंबर काढणं तिचं काम नव्हतं, पण चौदा वर्षांत पाहून पाहून यायचं. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, समोरची अक्षरं वाचायला लावली. काका शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचत गेले.

"नंबर तोच आहे, काका."

"नीट बघ."

"नीट बघितलं. डोळा ठणठणीत आहे."

काका खुर्चीतून उठले नाहीत. त्यांना दोष डोळ्यातच निघायला हवा होता, हे तिला कळलं. थोड्या वेळाने ते समोरच्या अक्षरांकडे बघतच म्हणाले, "तो जाळीत अडकला असेल. पाला असतो जाळीत."

"जाळीच्या वरून गेला."

"तुला काय माहीत? डोळे मिटले होते तुझे."

"तुमचे मिटले होते म्हणून माझे मिटले."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन वर्षं झाली. बस सोडली त्याच्या आसपास. काही झालं नाही गं, अपघात नाही, काही नाही. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही. पण शेवटच्या दिवशी किल्ली दिली आणि जिन्यावरून उतरताना वाटलं, काही झालं असतं तर. तेव्हापासून चाप दाबताना वाटतं. आता होईल." त्यांनी खांदे उडवले. "मास्तरांना कळलं तर ओळीतून काढतील. ओळीतून काढलं तर मी सकाळी उठून काय करू, सूनबाईंच्या मागे मागे फिरू?"

"माझंही धनुष्य जाईल. डावं एकच आहे."

"तेच म्हणतो." काका उठले. "तू काही पाहिलं नाहीस. मी काही पाहिलं नाही. चार दिवस झाले, कुणी आलं नाही, ओरडलं नाही. म्हणजे काही झालेलं नाही. बरोबर?"

ती म्हणाली, "बरोबर." आणि त्या शब्दाने तिला सगळ्यांत जास्त भीती वाटली. इतका सोपा होता म्हणून.

रविवारी ती गेली. गेली नसती तर संशय आला असता, असं तिला वाटलं. खरं म्हणजे तिच्यावर संशय घ्यायला कुणाला वेळ नव्हता. मास्तर म्हणाले, "हनुवटीला काय झालं?" ती म्हणाली, "दार." मास्तर म्हणाले, "दाराला बाण मार."

एक शिट्टी. तिने बाण लावला, चार वेळा पाहिला. धनुष्य ह्या वेळी वर नेलं नाही, समोरच ठेवून ओढलं. बोट चापापासून दूर. जड, आणखी जड, कळ, आणि चाकं पलीकडे गेली. वजन उतरलं. ती थांबली, तीन सेकंदांची वाट बघत. धडधड थांबली नाही. ह्या वेळी ती आतच राहिली, पिवळ्या ठिपक्याबरोबर वरखाली होत.

आणि ठिपक्याच्या वर भिंत, भिंतीवर जाळी, आणि जाळीच्या वर एक डोकं आलं.

बाईचं डोकं. केस कपड्याने बांधलेले. गच्चीवर कशावर तरी चढून ती खाली वाकून काहीतरी बघत होती. मग सरळ झाली, कमरेवर हात ठेवला. जाळीच्या बरोबर वर. जिथून तो गेला होता, बरोबर तिथे.

"थांबा," डावी म्हणाली.

आवाज फुटलाच नाही. घशात खरखर झाली फक्त. ती एकट्या काकांना ऐकू गेली, कारण ते हातभर अंतरावर, नेम धरून, तिच्याकडे तोंड करून उभे होते. त्यांचा उजवा डोळा तिच्याकडे वळला. त्यांनी अगदी थोडी मान हलवली. नाही म्हणून.

क्लबात एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतात. ओळीवरचा कुणीही, कालचा आलेला का असेना, थांबा म्हणू शकतो, आणि तो म्हणाला की बाकीच्यांनी विचारायचं नाही, थांबायचं. चार महिन्यांत हा शब्द तिने एकदाही उच्चारला नव्हता. जन्मात कुणाला थांब म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

"थांबा!"

ह्या वेळी तो निघाला, आणि असा निघाला की मास्तरांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. सहा धनुष्यं हळूहळू पुढे आली. सहाच. सातवं तिचं, आणि तिच्या हातात ते अजून ओढलेलं होतं. आता तिची पाळी. मारायचं नव्हतं. परत आणायचं होतं.

"डावी, खांदा मागे ठेव," मास्तरांचा आवाज जवळ आला, अगदी हळू. "घाई नाही. बोट लांब. आता येऊ दे त्याला."

चाकं फिरली, हिसका बसला, तिचा डावा हात पुढे खेचला गेला, खांद्यातून कळ डोक्यात गेली, आणि ती जीव मुठीत धरून त्या दोरीबरोबर गेली, तसू तसू. मग दोरी सरळ झाली. तिने बाण काढला, भात्यात ठेवला, धनुष्य जमिनीवर ठेवलं. मग ती त्याच्याशेजारीच बसली.

"काय झालं?"

"माझे दोन होते," ती म्हणाली.

"काय दोन?"

"गेल्या रविवारी मी तीन म्हणाले. हातात दोन होते. एक वरून गेला. आणि तिथे माणूस आहे, मास्तर, तिथे बाई आहे."

मास्तरांनी वर पाहिलं. डोकं अजून तिथेच होतं. मास्तरांचा चेहरा एवढा पांढरा झालेला तिने कधी पाहिला नव्हता. "ती गच्ची रिकामी होती," ते स्वतःशीच म्हणाले. "वर्षानुवर्षं रिकामी होती."

रस्त्याने वळसा घालून लॉंड्रीत जायला पाच मिनिटं लागतात. सगळे निघाले. आत वाफ, इस्त्रीचा वास, चादरींचे डोंगर. गल्ल्यावरच्या माणसाने पावती मागितली. मास्तर म्हणाले, "कपडे नाहीत, बाण आहे," आणि तो माणूस पुढे काही विचारायच्या आत ते लोखंडी जिना चढले.

गच्चीवर दोऱ्यांवर चादरी, आणि भिंतीच्या बाजूला बुटक्या चौथऱ्यावर काळी पाण्याची टाकी. टाकीत बाण होता. हिरव्या पिसांचा. टोक आत, पिसं वर, तिरका घुसलेला. आणि त्याला कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी लटकवलेली होती.

"हे तुमचं होय?" डोकं बांधलेली बाई चौथऱ्यावरून उतरली. "मी म्हटलं अँटेना असेल कुणाची, उडून आलेली. हात लावू नका. काढला की पाणी येतं, मी काढून बघितलंय. दोन बोटं काढला तर कारंजं. तसाच दाबून ठेवला. आता जरा गळायला लागलाय म्हणून चढले होते बघायला."

"कधी आला हा?" मास्तरांनी विचारलं.

"गेल्या रविवारी. सकाळी. टप्प झालं. मला वाटलं उन्हाने टाकी तडकली."

"तुम्ही कुठे होता तेव्हा?"

"मी? इथेच की. कुठे जाणार, सव्वाशे चादरी होत्या." ती टाकीपुढे येऊन उभी राहिली, दाखवायला. बादली कुठे होती, ती कशी वाकली होती, हात पाण्यात, पाठ भिंतीकडे. वाकून दाखवलं, मग सरळ झाली. सरळ झाली तेव्हा हिरवी पिसं तिच्या मानेला टेकली.

तिने मान वळवून पाहिलं. मग तिचा हात आपणहून मानेमागे गेला आणि तिथेच राहिला.

"म्हणजे मी उभी असते तर," ती म्हणाली.

मास्तर चौथऱ्यावर बसले.

"माझा आहे तो," डावी म्हणाली. तिला वाटलं होतं बोबडी वळेल, पण वळली नाही. "माझ्या हातून सुटला. मला त्याच दिवशी कळलं होतं."

बाईने तिच्याकडे पाहिलं. "मग सात दिवस कुठे होता तुम्ही?"

"घाबरले होते."

"आणि मी आठवडाभर त्याला चिमटे लटकवत होते," बाई म्हणाली. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवी काढून घेतली आणि छातीशी धरली.

काका जिन्याजवळ उभे होते, सगळ्यांच्या मागे. ते पुढे आले.

"एकटीचं नाही ते, मास्तर. मी पाहिलं होतं, गप्प बसलो. आणि तिचे डोळे मिटले ते माझे मिटले म्हणून. माझे दर वेळी मिटतात. दोन वर्षं."

मास्तर वर बघायला तयारच नव्हते. "तुमचे?"

"माझे. हिला विचारा. हिलाच दिसतं."

क्लब त्या दिवशी बंद झाला. मास्तरांनी टाकी नवी बसवून दिली, टार्गेटं दुसऱ्या बाजूला टेकडीकडे तोंड करून लावली, आणि बाण तोंडाने सांगण्याचा नियम मोडून नवा केला: हात वर करून दाखवायचे. डावं धनुष्य कपाटात गेलं. काकांचंही. तिने घरी आईला सगळं सांगितलं, हनुवटीसकट. आई म्हणाली, "त्या बाईकडे जाऊन आलीस का परत?" ती जाऊन आली होती. दोनदा. पहिल्या वेळी बाईने बसा म्हटलं नाही. दुसऱ्या वेळी म्हटलं.

दीड महिन्याने मास्तरांनी दोघांना बोलावलं. मैदानावर नाही, सामानाच्या खोलीत. तिथे भिंतीला गवताची जाड गादी उभी केलेली, वर टार्गेट नाही, ठिपका नाही. तीन पावलांवर खडूची रेघ.

"इथे कुणाचा नेम चुकणार नाही," मास्तर म्हणाले. "ओढायचं आणि परत आणायचं. वीस वेळा. मग एक मारायचा. काका, तुमचे डोळे मला दिसत नाहीत, मी रेघेच्या मागे. डावी, तुझेही दिसत नाहीत. तुमचे तिला दिसतात आणि तिचे तुम्हाला. तर आता एकमेकांना सांगा."

ते रेघेवर समोरासमोर उभे राहिले. तिने धनुष्य उचललं. तिने बाण चार वेळा पाहिला, मग पाचव्यांदा. ओढलं. परत आणलं. हिसका बसलाच. पुन्हा ओढलं. पंधराव्या वेळी खांदा भरून आला, विसाव्या वेळी घाम डोळ्यांत उतरला. समोर काकाही घामाघूम.

"आता एक," मास्तर म्हणाले.

आधी काकांनी मारला. गादीत धप्प आवाज झाला. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, परीक्षेचा निकाल विचारावा तसं.

"मिटले?"

खोटं बोलणं सोपं होतं. म्हातारा माणूस खूश झाला असता.

"मिटले, काका."

काकांनी श्वास सोडला. "बरं. तू मार."

तिने ओढलं. चाकं पलीकडे गेली. धडधड चालूच होती, आणि ती चालू असतानाच तिने बोट चापावर नेलं. धप्प.

"माझे?" तिने विचारलं.

काका जरा वेळ बघत राहिले.

"मिटले," ते म्हणाले. "पण उशिरा मिटले."

"परत," मास्तर मागून म्हणाले.